सातपुड्याच्या पायथ्याची अळंबी: ही खायची की नाही?

बांधावरचा | रविवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. खालचा तुकडा काळ्या जमिनीचा, वरचा मुरमाड बरड. यंदा आषाढात पाऊस लागून राहिला, मग जरा उघडीप पडली आणि शेतभर अळंबी उगवली. फोटो टाकतोय. मोबाइलचा कॅमेरा यथातथाच आहे, म्हणून खाली वर्णनही देतो.

फोटो १: निंबाखाली जुनं वारूळ आहे, त्याच्या अंगाखांद्यावर. करडी-पांढरी, मधोमध टोक. एकाच जागी ढीगभर.

फोटो २: गोठ्यामागच्या गवतात. चांगली ताटलीएवढी. पांढरी, वर तपकिरी खवले, दांड्याला कडं.

फोटो ३: उकिरड्यावर. उंच, बारीक. सकाळी पाहिली तेव्हा राखाडी होती, दुपारी काळी पडून गळायला लागली.

फोटो ४: बरडावर, गुरं चरतात तिथे. लिंबाएवढा पांढरा गोळा, दांडा नाही.

फोटो ५: वाळलेल्या आंब्याच्या खोडावर. छोटे पंखे, वरून केसाळ, चिवट.

घरात दोन पक्ष पडलेत. आई म्हणते वारुळावरची तेवढी आण, बाकीच्यांना हात लावू नको. भाचा पुण्याहून आलाय, त्याच्या मोबाइलमधलं ॲप म्हणतं की फोटो २ वाली उत्तम खाद्य अळंबी आहे आणि परदेशात लोक तिचे कटलेट करतात. दिसायलाही तीच सगळ्यात देखणी. जाणकारांनी सांगावं.

रावेरची_केळी | रविवार, दुपारी १२.०५

ॲपच्या भरवशावर काही खाऊ नका. एवढं बोलून जागा राखून ठेवतो. मी धिंगरी अळंबीच्या (ऑयस्टर) पिशव्या लावतो, रानातलीचं मला विशेष कळत नाही. बुरशीवेडा सर आले की बोलतील.

खान्देशी_ठेचा | रविवार, दुपारी १२.४०

एवढं काय अवघड आहे? शिजवताना लसणाची पाकळी आणि चांदीचं नाणं टाका. काळं पडलं तर फेका, नाही पडलं तर खा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच करतात आणि सगळे धडधाकट आहेत.

बुरशीवेडा | रविवार, दुपारी ३.१५

वाचतोय. ठेचा भाऊंच्या नाण्याकडे नंतर येतो.

बांधावरचा, वर्णन चांगलं दिलंत, पण पाचही फोटो वरून काढलेत. वरून फोटो काढला की टोपी दिसते, आणि टोपीवर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा. पावसाने खवले धुऊन जातात, उन्हाने रंग उडतो, वय वाढलं की आकार बदलतो. ॲपला तरी टोपीखेरीज काय दिसलं? त्याने वास घेतला नाही, खालची माती उकरली नाही.

मला तीन गोष्टी हव्यात. पहिली, टोपीखालचे पापुद्रे: रंग कोणता, आणि ते दांड्याला चिकटलेत की सुटे आहेत. दुसरी, दांड्याचं बूड. उपटायचं नाही, खुरप्याने बाजूची माती मोकळी करत अख्खं काढायचं. लोक उपटतात आणि सगळ्यात मोठा पुरावा जमिनीतच राहून जातो. अमानिता नावाच्या जीवघेण्या अळंबीच्या बुडाशी पांढरी पिशवी असते. ती मातीत राहिली की वर उरते ती निष्पाप दिसणारी पांढरी अळंबी. तिसरी गोष्ट, बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक पावडरीचा ठसा. पूर्ण उमललेल्या अळंबीची टोपी दांड्यापासून कापा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, म्हणजे फिका ठसाही दिसेल आणि गडदही. पापुद्रे खाली करून टोपी त्यावर ठेवा, वर पाण्याचा एक थेंब सोडा, पातेलं उपडं घाला आणि रात्रभर विसरा. सकाळी पापुद्र्यांच्या रेघांत पावडर पडलेली असेल. तिचा रंग सांगा. हा रंग पावसाने धुतला जात नाही आणि उन्हाने उडत नाही.

आता अंदाज, आणि हे अंदाजच धरा. फोटो १ बहुतेक टर्मिटोमायसिस, वाळवीची अळंबी. फोटो २ बद्दल मला दाट संशय आहे, पण ठसा पाहिल्याशिवाय बोलत नाही. भाच्याला सांगा, कटलेटचा तवा चुलीवरून उतरव. फोटो ३ शाईछत्रीच्या कुळातली. तिची टोपी स्वतःच स्वतःला पचवते आणि शाईसारखं काळं पाणी गळतं. या कुळातल्या काही जातींत कोप्रिन नावाचं द्रव्य असतं. ती खाल्ल्यावर पुढच्या दोनतीन दिवसांत दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. उकिरड्यावरची तशीही कोण खातंय. फोटो ४ उभा कापून आतला फोटो टाका. फोटो ५ शिझोफायलम वाटते. खालून पाहा, पापुद्रे मधोमध चिरल्यासारखे दिसतील. कोरड्या हवेत ते मिटतात, पाऊस पडला की पुन्हा उघडतात. मणिपुरात ती आवडीने खातात, आपल्याकडे कोणी विचारत नाही. चामड्याइतकी चिवट असते, तेव्हा तुमचं काही नुकसान होत नाहीये.

पांझराकाठ | रविवार, सायंकाळी ६.३०

सर बराबर बोलतस. मनी माय म्हने, वारूयवरनी लई ये, उकिरडावरनी नको. आनि हात लावानं पहिले खाली खंदी देख, मूय कोठे जास ते.

(बाकीच्यांसाठी: वारुळावरची आण, उकिरड्यावरची नको, आणि आधी खाली उकरून मूळ कुठे जातं ते बघ.)

बुरशीवेडा | रविवार, सायंकाळी ७.००

@पांझराकाठ, मावशींना दंडवत. एका वाक्यात अर्धं शास्त्र सांगून टाकलं. वाळवीच्या अळंबीची खूण जमिनीखाली आहे. वाळवी लाकूड-पाचोळा खाते, विष्ठेचे थर रचून भुयारात बाग करते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. सुमारे ३ कोटी वर्षांपासून हा उद्योग चालू आहे, माणसाने नांगर धरला त्याच्या कितीतरी आधीपासून. पावसाने माती भिजली की त्या बागेतून कोंब निघतो आणि कठीण जमीन फोडत वर येतो. टोपीचं टोक त्यासाठीच असतं. म्हणून दांडा वर वीतभर दिसला तरी खाली मुळासारखा लांबच लांब जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ रोझे हाईम यांनी १९४२ साली या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं.

वैनगंगेचा_पाहुणा | रविवार, रात्री ८.१०

मूळचा गोंदियाचा, नोकरीनिमित्त भुसावळला. आमच्याकडे हीच सात्या म्हणून बाजारात येते आणि मटणाच्या तोडीस तोड भावाने जाते. इथे भुसावळच्या बाजारात दिसत नाही याचं दर पावसाळ्यात वाईट वाटतं.

खान्देशी_ठेचा | रविवार, रात्री ९.२५

नाण्याचं काय झालं सर? उत्तर आलं नाही.

बुरशीवेडा | रविवार, रात्री १०.१५

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्याने पडते, लसणानेही पडू शकते. आणि तुम्ही तर नाण्यासोबत लसूणच टाकताय! अमानितातल्या विषाचा चांदीशी काही संबंध नाही. ते पातेल्यात भरपूर असलं तरी नाणं लखलखीत राहील.

तीच गत बाकीच्या परीक्षांची. ‘किड्यांनी खाल्लीय म्हणजे चालते’: गोगलगायी विषारी अळंबीही निवांत खातात. ‘टोपीची साल निघते म्हणजे चांगली’: सगळ्यात विषारी जातीचीही निघते. ‘उकळून पाणी फेकलं की झालं’: अमाटॉक्सिन, म्हणजे अमानितातलं हे विष, उकळून, वाळवून, तळूनही नष्ट होत नाही. ‘चवीला कडू लागली तर टाकून द्या’: विषबाधेतून वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय की ती चवीला छान होती.

तुमच्या घरचे धडधाकट आहेत ते नाण्यामुळे नाहीत. ज्या बाईने ती वेचून आणली तिला जागा माहीत होती म्हणून आहेत. नाणं टाकायच्या आधीच निवड झालेली होती.

खान्देशी_ठेचा | रविवार, रात्री १०.३२

पटलं नाही पूर्ण, पण शेवटचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आमची मोठी आई कोणाच्याही हातची अळंबी घेत नव्हती हे खरं. स्वतः जाऊन आणायची.

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ४.५०

ड्यूटीवरून लिहितोय, त्यामुळे तुटक. सरकारी रुग्णालयात काम करतो. दर पावसाळ्यात अळंबी खाऊन आलेले रुग्ण पाहतो. सगळ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवा: घड्याळ.

खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुतेक वेळा पोटापुरतं विष असतं. माणूस पिळून निघतो, सलाइन लावावं लागतं, पण सहसा वाचतो. खरी भीती उशिरा त्रास होणाऱ्याची. अमाटॉक्सिन असेल तर सहा तास, बारा तास, कधी चोवीस तासही काही होत नाही. रात्री जेवले, सकाळी उलट्या. लोकांना वाटतं सकाळच्या पोह्यांनी झालं. मग दुसऱ्या दिवशी एकदम बरं वाटतं. नातेवाईक म्हणतात, डॉक्टर, आता घरी सोडा. याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. हे विष पेशीतल्या आरएनए पॉलिमरेज-२ या विकराला (एन्झाइमला) अडवतं, पेशीला नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत आणि ती मरते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, तोवर हातात फार काही उरत नाही. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन १३ जण गेले, त्यांत चहामळ्यातल्या मजुरांची कुटुंबं होती.

आणि हेही लिहून ठेवा: लवकर उलटी झाली म्हणजे सुटलो, असं नाही. टोपलीत दोन-तीन जाती मिसळलेल्या असतील तर एक लवकर त्रास देते आणि दुसरी मागून येते.

त्रास झाला तर १०८ ला फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलट्या काढत बसू नका. उरलेली अळंबी, शिजवलेली भाजी, सोललेला कचरा, जे सापडेल ते सोबत आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत सडते, कागदात गुंडाळा. कधी खाल्ली, किती वाजता पहिली उलटी झाली, अजून कोणी खाल्ली, हे सांगा. ज्याला अजून काही झालं नाही त्यालाही घेऊन या. ‘भाजी खाल्ली’ असं मोघम सांगतात आणि आमचा अर्धा दिवस कीटकनाशक शोधण्यात जातो.

तापीतीर | सोमवार, सकाळी ९.००

बाप रे. ऑस्ट्रेलियात २०२३ साली जेवणातून हीच अळंबी देऊन तीन नातेवाईक मारल्याचं प्रकरण गाजलं होतं ते आठवलं. आपल्याकडे सातपुड्यात ही अमानिता आहे का मग?

बुरशीवेडा | सोमवार, सकाळी १०.४०

@तापीतीर, अमानिता बहुतेक झाडाच्या मुळांशी भागीदारी करून जगते. ओक, पाइन, साल या झाडांशी तिचं जमतं. आपल्या बाजूचा सातपुडा म्हणजे साग, सालई, अंजन, मोह. सालाची रानं पार पूर्वेकडे. सागाची भागीदारी वेगळ्या प्रकारच्या बुरशीशी असते, तिची अळंबी उगवतच नाही. त्यामुळे बस्तरात सालाखाली जी बोडा नावाची अळंबी निघते तीही आपल्याकडे शोधायला जाऊ नये.

पण यावरून निर्धास्त होऊ नका. लेपिओटा नावाच्या छोट्या छत्र्या असतात, रुपयाच्या नाण्याहून जराशा मोठ्या, वर बारीक तपकिरी खवले. त्यांतल्या काहींमध्ये हेच अमाटॉक्सिन असतं आणि त्यांना कुठल्या झाडाची गरज लागत नाही. बागेत, गवतात, कचऱ्यावर उगवतात. माझा पोरांना नियम आहे: पांढरे पापुद्रे, दांड्याला कडं आणि टोपीवर खवले, हे तिन्ही एकत्र दिसलं की ती अळंबी फक्त वहीत चिकटवायची.

बांधावरचा | सोमवार, दुपारी १.३०

सगळ्यांचे आभार. रात्री ठसे घ्यायला ठेवले होते. वहीचं पान आणि भाचीच्या हस्तकलेचा काळा कागद शेजारी शेजारी, वर दोन पातेली. आई रागावली, कारण त्यातलं एक दुधाचं होतं.

फोटो २ चा ठसा: हिरवा! मळकट शेवाळी हिरवा, पांढऱ्या पानावर रेघ न् रेघ दिसते. काल पापुद्रे मला पांढरे वाटले होते. आज उरलेल्या मोठ्या टोपीचे पाहिले तर तेही करडे-हिरवट व्हायला लागलेत. दांड्यावरचं कडं बोटाने वर-खाली सरकतं. बुडाशी गड्डा आहे, लांब मूळ नाही.

फोटो १ चा ठसा: फिकट गुलाबी. काळ्या कागदावर जास्त चांगला दिसला.

मग खुरपं घेऊन वारुळाकडे गेलो. वरची माती भिजलेली, मऊ. दांडा जमिनीपर्यंत पांढरा, जमिनीखाली गेला की काळपट साल चढलेली, आणि दगड आला तिथे वळसा घातलेला. कोपरापर्यंत हात गेला तरी संपेना. शेवटी एका पोकळीत बोट गेलं. आत करड्या रंगाचा, स्पंजासारखा भुसभुशीत गोळा, सुरकुत्या-सुरकुत्यांचा, आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे मणी. वाळवी सैरावैरा पळाली, काही शिपायांनी बोटाला चावून पाहिलं. दांडा त्या गोळ्यातूनच निघालेला होता. माती परत लोटून दिली.

भाचा आता गप्प आहे.

बुरशीवेडा | सोमवार, दुपारी २.१०

काम फत्ते. हिरवा ठसा, सरकतं कडं, गवतातली जागा: क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. टोपी उमलून मोठी होणाऱ्या अळंब्यांत हिरवा ठसा देणारी दुसरी आपल्याकडे नेहमीच्या पाहण्यात नाही. जगभर अळंबीने पोट बिघडण्याच्या घटनांत हिचा मोठा वाटा आहे, कारण दिसते देखणी आणि उगवते माणसाच्या अंगणात. सहसा जीव घेत नाही, पण रात्रपाळी डॉक्टरांचं सलाइन नक्की. लहान मुलांना फार जड जाते. कोवळी असताना पापुद्रे पांढरेच असतात, म्हणून नुसत्या नजरेने फसगत होते. ॲपने जिचं नाव सांगितलं ती मॅक्रोलेपिओटा, तिचा ठसा पांढरा पडतो. वरून काढलेल्या फोटोत दोघींत फरक करणं मलाही जमणार नाही, ॲपला बोल लावण्यात अर्थ नाही.

फोटो १ टर्मिटोमायसिस. बुडाशी पिशवी नाही, मूळ थेट वाळवीच्या बागेत, ठसा गुलाबी. तुम्ही ते पांढरे मणीसुद्धा पाहिलेत, वाळवी तेच खाते. आईंच्या हातची खायला हरकत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी, पूर्ण शिजवून. चांगली अळंबीही एखाद्याला सोसत नाही. दोन-चार कच्च्या बाजूला काढून ठेवा.

आणि माती परत लोटलीत हे उत्तम केलंत. बाग शाबूत राहिली तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी निघेल. वारूळ दिसलं की क्लोरपायरीफॉस कीटकनाशक ओतणाऱ्यांच्या बांधावर मात्र ती पुन्हा दिसत नाही.

वैनगंगेचा_पाहुणा | सोमवार, दुपारी २.४५

हिची शेती का करत नाहीत? मी तरी घेईन.

रावेरची_केळी | सोमवार, दुपारी ४.००

आता माझा प्रांत आला. वाळवीशिवाय ती येत नाही. प्रयोगशाळेत बुरशी वाढते, पण बाजारात नेण्याजोगं पीक अजून कोणी काढू शकलेलं नाही.

जे जमतं ते सांगतो. धिंगरी खान्देशात हिवाळ्याचं पीक. वीस ते तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्क्यांच्या वर ओलावा, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. गव्हाचा भुसा लोक वापरतात, पण माझ्याकडे केळीची वाळलेली पानं ढिगाने पडतात, ती बारीक कापून वापरतो. पऱ्हाटीचा भुगाही चालतो. भिजवून ऐंशी अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं, निथळायचं, मुठीत दाबल्यावर थेंब पडायला नको एवढाच ओलावा ठेवायचा, मग थर-थर बियाणं टाकून पिशवी भरायची. पंधरा-वीस दिवसांत पिशवी पांढरी होते.

इथे आपल्या चर्चेचा विषय येतो, कारण पिशवीतही ओळख लागते. हिरवा डाग दिसला की ती ट्रायकोडर्मा नावाची दुसरीच बुरशी, पिशवी शेडच्या बाहेर, लांब. आणि पाणी नीट तापलं नाही की धिंगरीच्या आधी फोटो ३ मधली काळी शाईछत्री निघते. नवशिके तिलाच पीक समजून खूश होतात. धिंगरीला मधे दांडा नसतो, एका बाजूने पंख्यासारखी येते आणि पापुद्रे दांड्यावर उतरत जातात. पिशवीतून निघाली म्हणजे पेरली तीच, असं गृहीत धरू नका.

कडा वर वळायच्या आत तोडा. उशीर झाला तर खालच्या पिशवीवर पांढरी पावडर पडलेली दिसेल, म्हणजे सरांचा ठसा आपोआप निघाला. ती पावडर रोज छातीत गेली तर खोकला आणि ताप धरतो. शेडमध्ये मास्क लावा. हे प्रशिक्षणात कोणी ठासून सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

तापीतीर | सोमवार, सायंकाळी ५.२०

उन्हाळ्यात काय करता? आपल्याकडे मेमध्ये पंचेचाळीस जातं.

रावेरची_केळी | सोमवार, सायंकाळी ५.५५

दुधी अळिंबी. कॅलोसायबी इंडिका, आपल्याच देशातली. १९७४ साली पश्चिम बंगालातून तिची शास्त्रीय नोंद झाली, तमिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये एपीके-२ हा वाण दिला. तिला तीस-पस्तीस अंश मानवतं. पिशवी पांढरी झाल्यावर वर निर्जंतुक मातीचा थर द्यावा लागतो. शुभ्र, जाड दांड्याची, टिकाऊ. पण पंचेचाळीस अंशांचा कोरडा वारा तिलाही सोसत नाही. ओले गोणपाट, फॉगर आणि विजेची कृपा, तिन्ही लागतात. मी एप्रिल-मे सोडून देतो.

बटण अळंबीच्या नादाला आपल्याकडे लहान माणसाने लागू नये. कंपोस्ट कुजवायलाच तीन-चार आठवडे, आणि पीक निघताना चौदा ते अठरा अंश. म्हणजे एसी आला.

अमळनेरी_व्यापारी | सोमवार, रात्री ८.४०

मध्येच घुसतो. आमच्याकडे कोरड्या बरडावर एक लांबट निघते, मिटलेल्या छत्रीसारखी उभी, कधी उघडतच नाही. मोठी झाली की आत काळी भुकटी. आमचे नातेवाईक मारवाडात हिला खुंबी म्हणतात आणि वाळवून वर्षभर खातात. तीच का?

बुरशीवेडा | सोमवार, रात्री ९.३०

वर्णन पोडॅक्सिस पिस्टिलॅरिसशी जुळतं. वाळवंटी, कोरड्या प्रदेशातली, वारुळांजवळही येते. राजस्थानात खुंबी म्हणून ही आणि फेलोरिनिया अशा दोन्ही विकतात. आत पांढरी असेपर्यंतच खातात, भुकटी धरली की नाही. पण तुमच्या बरडावरची मी पाहिलेली नाही. उभी चिरून फोटो टाका, मगच बोलू. आणि कपाशीच्या फवारणीच्या पट्ट्यातली असेल तर जात कोणतीही असो, घेऊ नका. अळंबी जमिनीतलं बरंच काही शोषून घेते.

बांधावरचा | सोमवार, रात्री १०.१०

फोटो ४ चा गोळा कापला. आत पिवळट-हिरवट, जरा ओलसर. टोपीचा किंवा पापुद्र्यांचा आकार नाही. बाजूचा अजून एक कापला, तो आतून पांढराशुभ्र.

बुरशीवेडा | सोमवार, रात्री १०.२५

पफबॉल. पिवळट झालेला फेका, त्याचे बीजाणू तयार होताहेत. पांढऱ्याशुभ्रला लोक खातात, पण प्रत्येक गोळा वरपासून खालपर्यंत उभा कापायचा, एकही न सोडता. आत छोट्या छत्रीची आकृती दिसली तर ते अमानिताचं अंडं असू शकतं. जांभळट-काळा गर आणि जाड साल असेल तर स्क्लेरोडर्मा, तोही नको. तुमच्या जागी मी असतो तर एका लिंबाएवढ्या गोळ्यासाठी एवढा खटाटोप केला नसता.

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ८.००

सगळं झालं, पण भाजी कशी केली ते कोणी विचारलंच नाही.

बांधावरचा | मंगळवार, सकाळी ९.१५

आईने केली. माती चिकटलेली असते, म्हणून मिठाच्या पाण्यातून दोनदा काढली. मग खोबरं-कांदा भाजून काळ्या मसाल्याचा रस्सा, तेलाचा तवंग चांगला बोटभर. कळण्याची भाकरी. भाच्याने पहिला घास घ्यायच्या आधी घड्याळात पाहिलं, त्यावर आई म्हणाली, आता काय तिथी बघून जेवतोस?

सरांनी सांगितलं तशा चार कच्च्या कागदात गुंडाळून ठेवल्यात. अजून सगळे ठणठणीत आहोत.

भाच्याचा एक प्रश्न आहे: धिंगरीचं बियाणं खात्रीचं कुठे मिळेल? दिवाळीत पुन्हा येणार आहे, तेव्हा गोठ्याशेजारच्या खोलीत पिशव्या लावायच्या म्हणतो.

रावेरची_केळी | मंगळवार, सकाळी ९.५०

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे. तो पुण्यातच आहे तर स्वतः जाऊन चौकशी करू दे. आधी फोन करून विचारा, ऐनवेळी बियाणं शिल्लक असेलच असं नाही. तुमच्या बाजूला पालचं कृषी विज्ञान केंद्र आहे, प्रशिक्षण कधी आहे ते तिथे विचारून बघा.

बियाण्याची पिशवी घेताना गहू पूर्ण पांढऱ्या धाग्यांनी वेढलेला हवा. हिरवा-काळा ठिपका किंवा आंबूस वास आला तर परत करा. एसटीने आणणार असाल तर रात्रीची गाडी धरा, दुपारच्या उन्हात बियाणं मरतं. आणि गोठ्याशेजारची खोली नको. शेणावरच्या माश्या पिशवीत अंडी घालतात, अळ्या पडतात. घराच्या उत्तरेला एखादी पडवी असेल तर ती बघा, खिडकीला बारीक जाळी लावून घ्या.

बांधावरचा | मंगळवार, सकाळी १०.०५

पडवी आहे. सध्या तिथे आईच्या कांद्याच्या चाळीचा माल आहे, दिवाळीपर्यंत निघेल.